उशीवरून बघायचं चित्र

"वहिनी, त्याला जरा भिंतीकडं सरकवता का?"

वहिनीनं दादाच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि त्याला चार बोटं सरकवलं. लघवीची नळी कुठं दुमडली नाही ना, ते वाकून बघितलं. मग मी खाटेवर चढले आणि त्याच्याच उशीवर डोकं टेकून उताणी पडले.

"लहानपणी अशीच झोपायचीस शेजारी," दादा म्हणाला. "लाथा मारायचीस."

"बोलू नकोस. मला बघू दे नीट."

वर, पत्र्याखाली, प्लायवूडचा एक मोठा तक्ता वाशांना तिरका टांगलेला होता. त्यावर मी कोळशानं घाटमाथा काढला होता. खाली उभं राहून काढताना तो मला चांगला वाटला होता. उशीवरून मात्र डोंगर बसका दिसत होता, वरून कुणीतरी हात ठेवून दाबल्यासारखा.

"काय दिसतंय तुला?" मी विचारलं.

"म्हशीची पाठ."

दाराशी उभी असलेली निलू, दादाची मुलगी, खुदकन हसली. दादा पडल्यापासून त्या खोलीत कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होतील. दौलतदादा माझा थोरला भाऊ. मालट्रक चालवायचा. कराडहून गूळ भरायचा, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायचा आणि येताना जांभा दगड घेऊन वर यायचा. पाटणच्या अलीकडं रस्त्याला लागूनच आमचं घर, त्यामुळं घरासमोरून जाताना तो हॉर्न द्यायचा. निलू ओट्यावर पळत यायची. एवढ्या घाटात, एवढ्या पावसाधुक्यात त्याच्या गाडीला कधी ओरखडा गेला नाही. आणि चिपळूणच्या बाजारात, उभ्या गाडीवर ताडपत्री बांधताना दोर तुटला आणि तो टपावरून मानेवर पडला.

मानेखालचं सगळं गेलं. मानही जखडली, बोटभर इकडं की तिकडं. राहिले डोळे आणि तोंड. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तीन महिने ठेवून घेतलं आणि मग म्हणाले, घरी न्या.

मी तेव्हा कराडला शाळेत चित्रकला शिकवत होते. कोल्हापूरला कलाशाळेत शिकले होते, तेही दादाच्या जिवावर. वडील गेल्यावर घरात सगळ्यांनी माझं लग्न काढलं, तेव्हा हाच म्हणाला होता, "शालनला रंग कालवायचेत तर कालवू दे की." त्यामुळं दर रविवारी मी एसटीनं घरी यायचे आणि त्याच्या खाटेशी बसायचे. बोलायला काही नसायचं. तो वर पत्र्याकडं बघत असायचा.

एका रविवारी मी विचारलं, "काय बघतोस रे एवढं?"

"पत्र्याच्या नळ्या," तो म्हणाला. "दुसरं काय आहे?"

त्याच आठवड्यात मी कराडहून तक्ता आणला.

चित्र दादासाठीच काढायचं, म्हणजे ते एकाच जागेवरून बरोबर दिसलं पाहिजे, हे मला म्हशीच्या पाठीवरून कळलं. पायाकडची बाजू डोळ्यापासून लांब, तिथले आकार ताणून लांबोडके काढायचे. छातीवरची बाजू जवळ, तिथले आवळून. स्टुलावर चढून ओंजळभर जागा रंगवायची, खाली उतरायचं, पुन्हा उशीवर डोकं टेकायचं. दिवाळीची सगळी सुट्टी मी तशी चढउतार केली. दादा सांगत होता, मी ऐकत होते.

"वळण आणखी आत घे. तिथं गाडी अंगावर येते समोरची."

"इथं काय आहे?"

"चहाची टपरी. लाल फडकं लावलेली. सगळे थांबतात तिथं."

मला लाल हवाच होता. चित्रात डोळा कुठं टेकवायचा, कुठं पळवायचा, हे शिकण्यात माझी पाच वर्षं गेली होती. रस्ता मी डाव्या अंगाला अगदी वर, घाटमाथ्यावर सुरू केला. तिथला कातळ काळाभोर आणि रस्ता उजळ, म्हणजे पहिली नजर तिथंच पडावी. मग एकेक वळण. जिथं नजर दमेल तिथं थोडं थोडं लाल ठेवलं: टपरीचं फडकं, देवळाचं निशाण, धुणं वाळत घालणाऱ्या बाईचं लुगडं. खाली नदी आणि पूल. पुलावरून रस्ता उजवीकडं जातो. तिथं तक्त्याच्या कडेला मी आंब्याचं एक दांडगं झाड उभं केलं. त्याच्या फांद्या आत वळवल्या. फांद्यांच्या टोकाशी ढग, आणि ढगांची रांग हळूहळू उतरत पुन्हा डावीकडं, घाटमाथ्याला टेकलेली.

रंग वाळल्यावर मी शेवटचं उशीवर डोकं ठेवलं. खाली उभ्या राहणाऱ्याला ते चित्र वेडंवाकडं, ताणलेलं दिसायचं. शेजारच्या बायका बघून "बरं आहे" म्हणायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या. पण उशीवरून अख्खा घाट उलगडला. मला वाटलं, आपण हात लांब केला तर धुकं लागेल बोटांना.

दादानं आधी सगळा घाट डोळ्यांनी उतरून घेतला. मग म्हणाला, "ब्रेक गरम झाल्याचा वास येतोय बघ."

मी आयुष्यात चित्रं पुष्कळ काढली. त्याच्याएवढी दाद मला कुणी दिली नाही.

पहिले दोन महिने घरात वेगळीच हवा होती. निलू शाळेतून आली की त्याच्या कुशीत शिरायची. "बाबा, आता कुठं आलो?" तो म्हणायचा, "टपरीवर. भजी खाणार का?" ती म्हणायची, "खाल्ली." मग दोघं पुढं निघायचे. वहिनी भाकरी थापता थापता ऐकायची आणि गालात हसायची. तिनं स्वतः कधी ते चित्र उशीवरून बघितलं नाही. मी म्हटलं तर म्हणाली, "मला कुठं वेळ आहे, वन्सं, गाडीत बसायला?"

संक्रांतीनंतर कधीतरी बदललं. आधी मला कळलंच नाही. वहिनी म्हणाली, "दुपारी डोळ्यांवर पंचा टाकायला सांगतात हल्ली." मला वाटलं, पत्र्याचा उजेड लागत असेल. मी खिडकीला पडदा शिवून आणला. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "झोप नाही त्यांना. डोळे मिटलेले असतात, पण आत बुबुळं फिरत असतात. मला भीती वाटते बघून."

मी दादाला विचारलं. "काही नाही गं," तो म्हणाला. "डोक्यात काहीतरी बिघडलंय माझ्या."

"म्हणजे?"

"काही नाही म्हटलं ना."

निलूला तो आता कुशीत येऊ देईना. "बाबा, कुठं आलो?" असं तिनं विचारलं की म्हणायचा, "अभ्यास कर जा."

फेब्रुवारीत आमच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. बक्षिसं द्यायला मी माझ्या कोल्हापूरच्या निगुडकर सरांना बोलावलं होतं. त्यांनी मला रचना शिकवली होती. वर्गात फळ्यावर नुसते चौकोन-त्रिकोण काढून ते तासभर बोलायचे आणि आम्ही जेवण विसरायचो. मी त्यांना चित्राबद्दल सांगितलं, तसे ते आपणहून म्हणाले, "चल, बघूया."

सर सत्तरीला आलेले, धोतर नेसणारे. दादाला नमस्कार करून त्यांनी खाटेशेजारी जमिनीवर गुडघे टेकले आणि दादाच्या उशीच्या कडेला डोकं लावलं. एक डोळा मिटून वर बघितलं. वहिनी चहा घेऊन आली होती, ती कप तसाच हातात धरून उभी राहिली.

"वा," सर म्हणाले. मग पुन्हा, "वा, शालन."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

सर बोट वर करून बोलायला लागले, वर्गात बोलायचे तसे. "हे बघा, माथ्यावर पकडलं. तिथून सोडलं ते वळणावळणानं थेट पुलावर. लाल कुठं कुठं ठेवलाय बघा, दम खायला पुरता, मुक्काम करायला नाही. पुलावरून डोळा बाहेर पळणार, तर समोर झाड! झाडानं उचलला, फांदीनं ढगाच्या हातात दिला, ढगानं आणून पुन्हा माथ्यावर सोडला. आता चल परत खाली! डोळ्याला सुटका म्हणून नाही ठेवली पोरीनं."

दादा इतका वेळ सरांच्या बोटाकडं बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे हे ठरवून केलंय?"

"मग! आपोआप होतं की काय? हीच तर विद्या आहे. बघणारा एकदा आत आला की तो बाहेर जाता कामा नये."

"सगळ्यांनाच असं होतं? एकदा सुरू झालं की थांबत नाही, असं?"

"चित्र चांगलं असेल तर होणारच."

दादानं डोळे मिटले. मग उघडले. "आणि सर, थांबायचं असलं तर?"

सर हसले. "सोपं आहे. मान फिरवायची."

म्हटलं आणि त्यांच्या लक्षात आलं. ते गुडघ्यांवर तसेच राहिले. वहिनीनं कप खाली ठेवला. सर उठले, त्यांनी दादाच्या कपाळावर हात ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले. चहा त्यांनी घेतला नाही. एसटीच्या थांब्यावर मला एवढंच म्हणाले, "आधी ते उतरव."

मी घरी पळत आले. "दादा, मी काढते ते. आत्ता काढते."

"बस जरा," तो म्हणाला.

मी खाटेच्या कडेला बसले.

"मला वाटलं, माझंच डोकं गेलंय," तो म्हणाला. "सकाळी डोळा उघडला की गाडी सुरू. टपरी, देऊळ, ती बाई, पूल. पुलावर वाटतं, आता थांबू. तर ते झाड. झाडावरनं ढगात, ढगातनं परत माथ्यावर. ब्रेकच लागत नाही, शालन. डोळे मिटले तरी उतरतोच आहे. वहिनी तुझी तोंडात घास घालते, तेव्हा मी कुठल्यातरी वळणावर असतो. निलू बोलते आणि मला वाटतं, ही मधेच कुठनं आली रस्त्यात." त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. मी पदरानं पुसलं. "वेडा झालो म्हणून सांगितलं नाही. तू इतकं केलंस माझ्यासाठी."

"काढून टाकते मी."

"आणि मग? वर पत्रा?"

मी वर बघितलं.

"राहू दे ते," तो म्हणाला. "फक्त ते झाड तोड. पुलावरनं रस्ता सरळ जाऊ दे."

"कुठं?"

"बाहेर."

"चित्राच्या बाहेर? अरे, पण तिथं काही नाही. तिथं आपली भिंत आहे."

"असू दे."

पुढच्या रविवारी मी खरवडायचं पातं आणि रंग घेऊन आले. आंब्याचा बुंधा खरवडायला अख्खी सकाळ गेली. रंगाचे पापुद्रे दादाच्या चादरीवर पडत होते आणि वहिनी ते वेचून काढत होती. जिथं झाड होतं तिथून मी रस्ता नेला, तक्त्याच्या कडेपर्यंत, आणि कडेला अगदी टोकावर सगळ्यांत लख्ख उजेड ठेवला. अशी चूक पहिल्या वर्षाच्या मुलानं केली असती तर सरांनी कागद फाडला असता. फांद्या पुसल्या. ढग आणि माथा यांच्यामध्ये निळं आभाळ भरलं, म्हणजे मागं नेणारं काही उरलं नाही. "मागं येणारी वाट नको," असं दादानं दोनदा बजावलं होतं.

संध्याकाळी मी त्याच्या उशीवर डोकं ठेवलं. माझी नजर घाट उतरली, पुलावर आली आणि उजवीकडं घसरत तक्त्यावरून खाली, चुन्याच्या भिंतीवर गेली. परत चित्रात यायला मला जोर लावावा लागला.

"झालं?" मी विचारलं.

दादा उजवीकडं बघत होता. "बास," तो म्हणाला.

त्या रात्री तो झोपला. वहिनी सकाळी मला म्हणाली, "घोरत होते, वन्सं!" आणि पदर तोंडाला लावून हसली. आम्ही दोघींनी त्या दिवशी शिरा केला. त्यानं चार घास खाल्ले. मी निश्चिंत मनानं कराडला गेले.

शाळेच्या परीक्षा आल्या, मला दोन-तीन रविवार जमलं नाही. आले तेव्हा तो आणखी वाळलेला होता, पण चेहरा शांत. मी समोर उभी राहिले. "दादा, मी आले." "ये," तो म्हणाला. डोळे भिंतीवर.

"काय दिसतं रे तिथं?"

"ते नाही सांगत."

"सांग की."

"तुला सांगितलं तर तू तिथंही काहीतरी काढशील." चेष्टेत म्हणाला, पण हसला नाही.

वहिनी मला परड्यात घेऊन गेली. "खाणं कमी झालंय," ती म्हणाली. "भरवलं तर खातात. बोललं तर बोलतात. पण माझ्याकडं बघत नाहीत. पाठ पुसायला कुशीवर वळवलं की अंग इकडं येतं, डोळे तिकडंच." एकदा ती त्या भिंतीपुढं जाऊन उभी राहिली होती. "म्हटलं, आता तरी दिसेन. तर म्हणाले, कौसा, उजेड अडतोय."

मी कराडला जाऊन धावपळ केली आणि एका डॉक्टरांच्या ओळखीनं चाकाची खुर्ची मिळवली. पाठीला उंच, पट्टे असलेली. चैत्रातल्या एका सकाळी आम्ही दोघींनी आणि शेजारच्या दोघांनी मिळून दादाला उचललं, खुर्चीत बांधलं, मानेला उशा लावल्या आणि ओट्यावर आणलं. पडल्यापासून तो पहिल्यांदा बसला होता. समोर डांबरी रस्ता. कोयनेच्या बाजूनं गार वारा येत होता. निलूनं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला होता.

एक ट्रक आला. चालवणारा ओळखीचाच, दादाबरोबर बरीच वर्षं गाडी मारलेला. त्यानं वेग कमी केला, दादाला बघितलं आणि मोठ्यानं हॉर्न दिला. हात हलवला. निलू उभी राहून ओरडली, "बाबा, बघा! बघा की!"

दादानं डोळे मिटून घेतले होते.

"अरे, आपला रस्ता आहे हा," मी वाकून म्हणाले. "खरा. चित्रातला नाही. बघ तरी."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "गाडी येते आणि जाते. मी आपला इथंच. आत घ्या मला."

"थोडा वेळ बस. वारा लागू दे अंगाला."

"शालन, पाया पडतो तुझ्या. आत घ्या."

शेजारचे दोघे तोपर्यंत निघून गेले होते. वहिनी आणि मी, आम्ही त्याला कसंबसं आत आणून खाटेवर घातलं. वहिनीच्या मनगटाला पट्ट्याचा वळ उठला होता. दादाची नजर आल्या आल्या पुलावर गेली, तिथून कडेला, तिथून भिंतीवर. मग त्याचा श्वास सावकाश झाला.

खुर्ची परड्यात ठेवली. तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

पावसाळ्यात त्याच्या पाठीच्या जखमा चिघळल्या. दिवाळीत ताप यायला लागला. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि घरीच राहिले. चित्र उतरवायचा विचार रोज मनात यायचा. तो भिंतीवर जिथं बघायचा तिथं माझी नजर जायची, आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर मी परत ठेवायचे.

पौषात एकदा निलू शाळेतून पळत आली. गॅदरिंगमध्ये तिला कशात तरी पहिला नंबर मिळाला होता, छातीला रिबिनीचं फूल लावलं होतं. ती खाटेच्या डाव्या अंगाला, चित्रातला घाटमाथा जिकडं होता तिकडं, येऊन उभी राहिली. वहिनी दादाचे ओठ ओल्या कापडानं पुसत होती.

"बाबा," निलू म्हणाली.

तो उजवीकडं बघत होता.

"हाक मार बाळ, मोठ्यानं मार," वहिनी म्हणाली.

"बाबा! ओ बाबा!"

दादाच्या पापण्या हलल्या. बुबुळं हळूहळू भिंतीवरून सुटली. मला दिसत होतं त्याला किती कष्ट पडत होते ते. तक्त्याच्या कडेपर्यंत नजर आली, पुलापर्यंत आली. निलू टाचा उंच करून खाटेवर वाकली, रिबिनीचं फूल बोटांनी पुढं धरून. वहिनीचा हात थांबला होता. नजर तिथंच थोडा वेळ राहिली आणि मग परत गेली.

"कोण आलंय?" दादानं विचारलं.

निलूनं आईकडं बघितलं.

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "पडा तुम्ही."

तिनं कापड वाटीत ठेवलं, निलूला उचललं आणि बाहेर गेली. निलू आता कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती, तिचे पाय वहिनीच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. ओट्यावरून मला वहिनीचं रडणं ऐकू आलं. इतक्या दिवसांत मी ते ऐकलं नव्हतं. दिवेलागण झाली तरी ती आत आली नाही. दादाला पाणी मीच पाजलं.

दादा माघात गेला. बायका वहिनीला रडती करायला बसल्या होत्या, पण त्या दिवशी ती रडली नाही.